आठ वर्गमित्रांची पहिली क्रूझ: बंदर आधी ठरवा, जहाज मागाहून

प्रश्न असा आहे: १९८७ च्या दहावीच्या बॅचमधले आठ जण, पाच मैत्रिणी आणि तीन मित्र, घरच्यांशिवाय पहिल्यांदाच क्रूझला निघालेत. कुणी पुण्याचं, कुणी नाशिकचं, कुणी ठाण्याचं. एकीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, एक जण इन्सुलिन घेतो, दोघी शाकाहारी आणि त्यातली एक जैन. समोर तीन पर्याय आहेत: मुंबईहून गोवा, सिंगापूरहून पिनांग आणि फुकेत, किंवा भूमध्य समुद्रातली सात रात्रींची स्पेन-फ्रान्स-इटली फेरी. जहाज कोणतं घ्यावं आणि चढावं कुठून?

आधी उत्तर देतो, मग कारणं. पहिल्या वेळी सिंगापूर घ्या, चार रात्री, जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत, चिनी नववर्षाचा आठवडा सोडून. भूमध्य समुद्राची फेरी दुसऱ्या वेळेसाठी ठेवा, आणि तेव्हा बार्सिलोनाहून चढण्यापेक्षा रोमच्या बंदरातून चढा. मुंबई-गोवा वाईट नाही, पण तिचा उपयोग वेगळा आहे. तो खाली सांगतो.

लोक जहाजाचे फोटो बघण्यात महिना घालवतात आणि बंदर पाच मिनिटांत ठरवतात. जलतरण तलाव आणि रंगमंच सगळ्याच मोठ्या जहाजांवर असतात. सहल बिघडते ती बहुतेक वेळा बंदरापाशी: उशिरा उतरलेलं विमान, चुकीचं टर्मिनल, एकदाच प्रवेश देणारा व्हिसा, किंवा हलत्या होडीत पाय टाकताना अडलेला गुडघा. म्हणून बंदरापासून सुरुवात करू.

मुंबईहून निघायचं तर बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून. सीएसएमटीपासून टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटं. भारतातल्या भारतात फिरणाऱ्या फेरीला पासपोर्ट लागत नाही, आधार किंवा मतदार ओळखपत्र चालतं, विमानाचा खर्च नाही. २०२१ पासून इथून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस हे जहाज चालतं. ते १९९० साली बांधलेलं आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खोल्या लहान आणि बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच. दोन रात्रींच्या फेरीत पहिली संध्याकाळ चढण्यात आणि जहाज समजून घेण्यात जाते, दुसऱ्या रात्री बॅगा भरायच्या असतात. मधे हातात उरतो एक दिवस. शुक्रवार-रविवारच्या फेऱ्यांना ऑफिसांचे गट, लग्नाआधीच्या पार्ट्या आणि रात्री उशिरापर्यंत डीजे असतो. तरीही एका गोष्टीसाठी ही फेरी सोन्यासारखी आहे. तुमच्यापैकी कुणाला समुद्र लागतो की नाही हेच माहीत नसेल, तर त्या दोघातिघांनी आठवड्याच्या मधल्या दिवसांतली दोन रात्रींची फेरी आधी करून बघावी. नोव्हेंबर ते मार्च अरबी समुद्र शांत असतो. पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ चालत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबरचा विचारच नको. लक्षद्वीपची फेरी मात्र गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या मैत्रिणीसाठी घेऊ नका: तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, खोल समुद्रात लहान होडीत उतरावं लागतं, आणि लाटा वाढल्या की उतरणंच रद्द होतं.

सिंगापूर का, तर आठ वेगवेगळ्या प्रकृतींच्या माणसांना एकाच वेळी जमेल असं ते बंदर आहे. मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास. मलाक्काची सामुद्रधुनी दोन्ही बाजूंनी जमिनीनं झाकलेली असल्यामुळे सिंगापूर ते पिनांग पाणी जवळजवळ वर्षभर शांत असतं. फुकेतचं तसं नाही. फुकेतचा पश्चिम किनारा अंदमान समुद्राला उघडा आहे आणि मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत तिथे चांगलीच उसळी असते. नोव्हेंबर-डिसेंबर टाळायला मी सांगतो ते हवामानासाठी कमी आणि शाळांसाठी जास्त: सिंगापूरच्या शाळांना नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेर सुट्टी असते, जूनमध्येही असते, आणि त्या दिवसांत लिफ्टपासून न्याहारीच्या टेबलापर्यंत सगळीकडे मुलांची गर्दी. भाडंही चढलेलं असतं.

सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन आहेत आणि हा गोंधळ वारंवार होतो. एक हार्बरफ्रंट, दुसरं मरीना बे क्रूझ सेंटर. दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे. गेंटिंग ड्रीम हे जहाज हार्बरफ्रंटहून सुटतं, रॉयल कॅरिबियनची जहाजं मरीना बेहून. तिकिटावर टर्मिनलचं नाव छापलेलं असतं. ते आठही जणांच्या फोनमध्ये असू द्या, कारण टॅक्सी दोन होणार आहेत. तुमच्या गटासाठी मला हार्बरफ्रंट जास्त सोयीचं वाटतं. मेट्रो स्टेशन आणि व्हिवोसिटी हा मोठा मॉल टर्मिनलला लागूनच आहेत, त्यामुळे खाणं, औषधाचं दुकान, स्वच्छतागृह सगळं हाताशी. आदल्या रात्री लिटल इंडियात राहिलात तर तिथून हार्बरफ्रंटला मेट्रो थेट जाते, गाडी बदलावी लागत नाही, आणि जेवणाला शाकाहारी खानावळी दाराशी. मरीना बेच्या टर्मिनलभोवती मात्र बसायला-खायला फारसं काही नाही आणि मरीना साउथ पिअर स्टेशनपासून थोडं चालावं लागतं. मोठ्या बॅगा असतील तर दोन्हीकडे सहा-सात जणांची मोठी टॅक्सी सांगणंच बरं.

व्हिसाबद्दल एकच गोष्ट नीट लक्षात ठेवा. जहाज सिंगापूर सोडून मलेशिया-थायलंडला जातं आणि परत सिंगापूरला येतं. म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा प्रवेश करता. व्हिसा हातात आल्यावर त्यावर एकाहून जास्त प्रवेशांची मुभा लिहिली आहे ना, हे प्रत्येकानं स्वतः वाचा. सिंगापूरचं आगमन-कार्डही दोनदा भरायचं: एकदा विमानानं उतरण्याआधीच्या तीन दिवसांत, आणि पुन्हा जहाज परतण्याआधी. दुसरं लोक विसरतात आणि मग शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून फोनवर भरत बसतात. मलेशिया आणि थायलंडचे नियम गेल्या दोन-तीन वर्षांत अनेकदा बदललेत, म्हणून बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा तपासा. पासपोर्ट परतीच्या तारखेपासून पुढे सहा महिने चालणारा हवा. आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. आपल्या बायकांच्या बाबतीत इथेच चूक होते: पासपोर्टवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, बुकिंग करणाऱ्यानं व्हॉट्सॲपवरचं नाव टाकलेलं. नावं तोंडी सांगू नका, पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा.

आता भूमध्य समुद्र, कारण दुसऱ्या वेळी तुम्ही तिकडेच जाल. एमएससी आणि कोस्टा या कंपन्यांची सात रात्रींची फेरी गोल असते. बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, चिवितावेक्किया अशी बंदरं घेत जहाज फिरत राहतं आणि प्रवासी यांतल्या वेगवेगळ्या बंदरांतून चढू शकतात. म्हणजे तेच जहाज, तोच मार्ग, पण सुरुवात कुठून करायची ते तुमच्या हातात. बहुतेक एजंट बार्सिलोना सुचवतात, कारण विमानतळ ते धक्का जेमतेम १५ किलोमीटर. सोय खरी आहे, पण त्यात तुमचं रोम बुडतं. रोमचं बंदर म्हणजे चिवितावेक्किया, आणि ते रोम शहरापासून ७०-८० किलोमीटर लांब आहे. बार्सिलोनाहून चढलात तर रोम हा एक दिवसाचा थांबा होतो. जाण्यायेण्यात तीन तास, बसमध्ये चढण्या-उतरण्यात आणखी एक, आणि कलोसियम, व्हॅटिकन यांपैकी एकाला बाहेरूनच नमस्कार. त्याउलट चिवितावेक्कियाहून चढायचं ठरवलंत, तर आधी तीन रात्री रोममध्ये निवांत राहता येतं, आणि बार्सिलोना हा थांबा होतो. ते शहर धक्क्याला लागूनच असल्यामुळे एका दिवसातही पुष्कळ बघून होतं. गोल फेरीत सूत्र एकच: जे शहर बंदरापासून लांब, तिथून चढा, जे जवळ, ते वाटेत बघा.

व्हेनिसच्या बाबतीत जाहिरात वाचताना सावध राहा. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. "व्हेनिसहून क्रूझ" असं लिहिलेलं असलं तरी जहाज मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाहून सुटत असेल, आणि राव्हेन्ना ते व्हेनिस हा बसचा मोठा प्रवास आहे. बंदराचं खरं नाव विचारा. सांतोरिनी या ग्रीक बेटालाही जहाज धक्क्याला लागत नाही; होडीनं उतरून वर गावात जायला केबल कार, नाहीतर सुमारे ५८८ पायऱ्या, आणि केबल कारची रांग गर्दीच्या दिवसात तासाभराची. शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेन-फ्रान्स-इटलीसह युरोपातल्या अनेक देशांना चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात जास्त मुक्काम त्याच्याकडे मागायचा. रोममध्ये तीन रात्री आणि इटलीची दोन बंदरं असतील तर इटलीकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा त्याला सक्तीचा. मे किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडा. जुलै-ऑगस्टच्या उन्हात रोमच्या दगडी रस्त्यांवर चालणं पंचावन्नाव्या वर्षी नकोसं होतं.

बंदर ठरलं की खोल्यांचं गणित. हेच गणित मैत्रीवर येतं, म्हणून ते पहिल्या आठवड्यात, सगळ्यांसमोर, कागदावर मांडा. क्रूझचं भाडं माणशी छापतात, पण ते एका खोलीत दोघं धरून. एकट्यानं खोली घेतली तर बहुतेक कंपन्या दोघांचं भाडं लावतात. न आलेल्या माणसाचा बंदर-कर आणि टिप तेवढी वाचते. तुमच्या पाच मैत्रिणी म्हणजे दोन, दोन, एक. तीन मित्र म्हणजे दोन आणि एक. खोल्या पाच, भाडी दहा, माणसं आठ. दोन भाडी रिकाम्या पलंगांची. यावर खरा उपाय एकच, आणखी एक मैत्रीण आणि आणखी एक मित्र शोधा. खोल्या पाचच राहतात, रिकाम्या पलंगांचं भाडं तसंही भरणारच होतात, नव्या दोघांमागे जहाजाला वाढतो फक्त कर आणि टिप. बॅचमध्ये "बघू, पुढच्या वर्षी" म्हणणारे दोघं असतातच. त्यांना हा हिशेब दाखवा.

एका खोलीत तिघं हा स्वस्त मार्ग एजंट लगेच सुचवेल. तिसरा पलंग म्हणजे बहुधा छतातून खाली ओढायची फळी आणि चढायला शिडी, किंवा उलगडायचा सोफा. बाथरूम एकच आणि तेही कपाटाएवढं. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या वयात हे करू नका. दुहेरी खोलीतही बुकिंग करतानाच "दोन वेगळे पलंग" असं लिहून घ्या, नाहीतर पहिल्या संध्याकाळी दोन मित्रांसमोर एकच मोठा पलंग जोडून ठेवलेला असतो.

कोण कुणाबरोबर, हे ठरवताना घोरणं आणि झोपेची वेळ तर बघाच, पण दारूचं पॅकेजही बघा. अनेक कंपन्यांचा नियम आहे की खोलीतल्या एका प्रौढानं अमर्याद पेयांचं पॅकेज घेतलं तर त्या खोलीतल्या दुसऱ्यालाही ते घ्यावं लागतं. घेणारे एका खोलीत, न घेणारे दुसऱ्या खोलीत असं बसवलंत तर कुणावरच नको तो खर्च पडत नाही. झोपेत श्वासासाठी मशीन लावणारं कुणी असेल तर बुकिंगच्या वेळी कळवा. शुद्ध पाणी आणि लांब वायर जहाजावरून मिळवता येते. घरून नेलेला एक्स्टेंशन बोर्ड बहुतेक जहाजांवर तपासणीत काढून घेतात.

खोली कुठली घ्यायची हे डेक-प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून ठरवा. गेंटिंग ड्रीम ३३५ मीटर लांब आहे. खोली पुढच्या टोकाला आणि जेवणघर मागच्या टोकाला असेल तर एका खेपेला अडीचशे मीटर सहज. दिवसातून तीन जेवणं, म्हणजे सहा खेपा, दीड किलोमीटर. आणि हे फक्त जेवायला. म्हणून गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या मैत्रिणीची खोली जहाजाच्या मध्यावर, मधल्या लिफ्टपासून पाच-सात दारांवर. लिफ्टच्या अगदी समोर नको, रात्रभर बोलणी ऐकू येतात. मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर हेलकावेही सर्वांत कमी जाणवतात. झोपाळ्याच्या मधे बसलं की कमी हलतं, टोकाला जास्त, तसंच हे. मग त्या खोलीच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर जलतरण तलावाचा मजला असेल तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली रंगमंच किंवा नाचघर असेल तर मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठोका पलंगातून जाणवतो. वर आणि खाली खोल्याच असतील ती जागा उत्तम.

बाथरूमच्या दाराला उंबरा असतो. बोटभर ते टीचभर उंच. पहिल्या रात्री अंधारात ठेच त्यालाच लागते. खिडकी नसलेल्या खोलीत दिवा बंद केला की डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा रात्रदिवा प्रत्येक खोलीसाठी न्या. इन्सुलिनवाल्या मित्राला रात्री साखर उतरून उठावं लागलं तर तो दिवा फार कामाचा. मैत्रिणीला चालायला काठी किंवा वॉकर लागत असेल तर उंबरा नसलेल्या, बाथरूममध्ये धरायला दांड्या असलेल्या खोल्या प्रत्येक जहाजावर थोड्या असतात. त्या लवकर संपतात आणि त्यासाठी फॉर्म भरून द्यावा लागतो.

चार रात्रींसाठी बाल्कनीवर पैसे घालू नका. सिंगापूरच्या दमट हवेत ती दुपारी बंदच राहते, आणि गटाला बसायला वरचा डेक आहे. बंद जागेत घुसमटणारं कुणी असेल त्याच्यासाठी खिडकीची खोली घ्या. "गॅरंटी" नावाची स्वस्त खोली मात्र नको. तीत खोलीचा नंबर कंपनी ठरवते, आणि तुम्ही चार मजल्यांवर विखुरले जाता. पाच खोल्यांची बुकिंगं वेगवेगळी झाली तर त्यांचे क्रमांक एकमेकांना जोडून घ्यायला सांगा, नाहीतर जेवणाची टेबलं वेगळी पडतात. गटाची सवलत बहुतेक कंपन्यांत आठ खोल्यांपासून सुरू होते; पाच खोल्यांवर एजंटनं ती कबूल केली तर लेखी घ्या.

जेवण. शाकाहारी आणि जैन ही नोंद बुकिंगमध्ये करा, आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला पुन्हा तोंडी सांगा. रोज रात्री त्याच्याकडून दुसऱ्या दिवसाचा मेन्यू मागायचा आणि जैन मैत्रिणीची थाळी आदल्या दिवशीच सांगून ठेवायची; हे केलं की जेवण गरम आणि वेगळं मिळतं, नाही केलं की उकडलेल्या भाज्या. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी भरपूर असल्यामुळे तिथे हे सोपं जातं, आणि तुमच्यासाठी सिंगापूर निवडण्याचं हेही एक कारण आहे. किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र लक्ष ठेवा: थाई आणि मलय पदार्थांत भाजीतसुद्धा माशाचा सॉस किंवा कोळंबीची चटणी असते, "नो मीट" म्हटल्यानं ती जात नाही. युरोपात व्हेजिटेरियनमध्ये अंडं धरलेलं असतं, आणि एमएससी, कोस्टासारख्या जहाजांवर रात्रीच्या टेबलावर पाण्याच्या बाटलीचेही पैसे लागतात.

इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीनं जप्त करतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. खोलीत किटली असेलच असं नाही. पण बुफेच्या चहाच्या काउंटरवर उकळतं पाणी मिळतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि झटपट पोह्यांची पाकिटं असली की सकाळचा प्रश्न सुटला. घरी शिजवलेलं अन्न चढू देत नाहीत, कारखान्यात बंद केलेली पाकिटं बहुधा चालतात. रात्रीच्या जेवणाच्या दोन पाळ्या असतील तर आपल्या सवयीला आठची बरी. इन्सुलिनवाल्यानं मात्र आपली वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी, सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे हेही धरून.

चढण्याच्या दिवसाचा नियम कडक ठेवा: विमान आदल्या दिवशीच पोचलं पाहिजे. जहाज विमानासाठी थांबत नाही, आणि चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चानं जावं लागतं. मोठी बॅग धक्क्यावरच देतात आणि ती खोलीच्या दारात संध्याकाळी, कधी रात्री आठनंतर येते. तोवर लागणारं सगळं खांद्यावरच्या बॅगेत हवं: पासपोर्ट, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, सगळ्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि इन्सुलिन. इन्सुलिन विमानातही सामानात टाकायचं नाही, गोठून वाया जाऊ शकतं. खोलीतल्या लहान फ्रिजची थंडाई भरवशाची नसते. जादाच्या साठ्यासाठी जहाजाच्या दवाखान्यात औषधांचा फ्रिज मिळेल का आणि वापरलेल्या सुयांसाठी डबा मिळेल का, हे आधीच विचारून ठेवा. गुडघ्यात धातू असल्यामुळे विमानतळावर आणि धक्क्यावर प्रत्येक तपासणीत यंत्र वाजणार. डॉक्टरांचं पत्र जवळ असलं तरी हातानं तपासतातच, त्यासाठी दहा मिनिटं जास्त धरा. समुद्र लागणाऱ्यांनी मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेऊन उपयोग नाही, ती आधी घ्यायची असते. कोणती आणि किती, हे बीपी, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच.

पिनांगला जहाज जॉर्जटाउनमध्ये स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. उतरलं की समोरच जुनं गाव, २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीतलं. कॉर्नवॉलिस किल्ला आणि लिटल इंडिया पायी, आणि पाय दुखले तर सायकलरिक्षा. इथे कंपनीची सहल घेण्याची गरजच नाही. फुकेतला जहाज पातोंगसमोर नांगर टाकून उभं राहिलं तर होडीनं उतरावं लागतं: जहाज आणि होडी दोन्ही हलत असतात, आणि मधे एक पाऊल. खलाशी दोन्ही बाजूंनी धरतात, तरी मैत्रिणीनं सकाळी पाणी बघून ठरवावं. तिच्याबरोबर थांबणारं एक माणूस आधीच ठरवून ठेवा, म्हणजे धक्क्यावर संकोच नको. पोर्ट क्लांग असलेली फेरी घेतलीत तर क्वालालंपूर तिथून एका बाजूला तास-सव्वा तास आहे. अशा लांबच्या ठिकाणी कंपनीचीच सहल घ्या, कारण तिची बस अडकली तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः ठरवलेली गाडी अडकली तर थांबत नाही.

आणि घड्याळ. थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. फुकेतला फोन आपोआप थाई वेळ दाखवू लागतो, पण जहाज सिंगापूरच्या वेळेवरच चालत असेल तर तुमच्या फोनवर चार वाजलेले असताना जहाजावर पाच झालेले असतात. उतरण्यापूर्वी जहाजाच्या घड्याळाचा फोटो काढा आणि गटातल्या एकानं तरी साधं मनगटी घड्याळ त्या वेळेला लावून ठेवा. परतीची वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्या बंदरातल्या कंपनीच्या एजंटचा फोन छापलेला असतो. तो कागद आणि पासपोर्टची प्रत प्रत्येकाच्या खिशात हवी.

पैशाच्या बाबतीत छापील भाडं हा निम्माच आकडा समजा. बंदर-कर, टिप, वायफाय, किनाऱ्यावरचा खर्च, विमान, आदल्या रात्रीचं हॉटेल, विमा या सगळ्याचं एकच पान करा. टिप अमेरिकी कंपन्यांत माणशी रोजची साधारण १६ ते २० डॉलर. १८ धरले तर (नवे दोघं धरून) दहा जणांचे चार रात्रींचे ७२० डॉलर झाले, आणि ते बहुधा आपोआप खात्यावर चढतात. जहाजावरच्या खर्चासाठी प्रत्येकानं आपापलं क्रेडिट कार्ड जोडावं. डेबिट कार्डावर रक्कम अडवून ठेवतात आणि सुटायला दिवस लागतात. भारतातल्या एजंटमार्फत परदेशी पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा आयकर, कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर, त्यालाच विवरणपत्रात परत मिळतो. एकानं सगळ्यांचे पैसे भरले तर इतरांचा टीसीएस त्याच्या नावावर अडकतो आणि वर्षभर हिशेब मागत बसावं लागतं. म्हणून प्रत्येकानं आपल्या खात्यातून, आपल्या पॅनवर भरावे.

विम्यात दोन गोष्टी वाचूनच सही करा. एक, क्रूझ आणि जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, आणि मधुमेह, बीपी, गुडघ्याचं ऑपरेशन अर्जात लिहिलंय का. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खोलीच्या खात्यावर चढतं आणि आधी तुम्हीच भरता. दोन, रद्द करण्याच्या कलमात "जवळचे कुटुंबीय" म्हणजे कोण. तुमच्या वयाच्या गटात सहल मोडते ती स्वतःच्या आजारपणानं क्वचितच. घरी ऐंशीच्या पुढचे आई-वडील, सासू-सासरे असतात. त्या व्याख्येत सासू-सासरे नसतील तर दुसरी पॉलिसी बघा. आणि कुणी ऐनवेळी गळलं तर त्याच्या पलंगाचं काय, हे पहिला हप्ता भरण्याआधी लिहून ठेवा: बदली माणूस त्यानं आणायचा, नाही मिळाला तर खोलीतल्या जोडीदारावर भार नाही. एक प्रवासी तोच राहिला तर दुसऱ्याचं नाव बदलायला अनेक कंपन्या ठरावीक तारखेपर्यंत परवानगी देतात. ती तारीख विचारून घ्या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून खोलीबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या सकाळी धक्क्यावरच मिळतात. चप्पल-बूट, सकाळचे कपडे, गोळ्या, इन्सुलिन आणि पासपोर्ट बाहेर काढून ठेवल्याशिवाय बॅगेची चेन लावू नका. दर फेरीत कुणीतरी सगळं आत भरतं आणि रात्रीच्या कपड्यांवर उतरतं. तुमच्या गुडघेवाल्या मैत्रिणीनं बॅग बाहेर ठेवावी, स्वतः ओढत नेण्याच्या रांगेत उभं राहू नये. उतरणं साडेनऊपर्यंत चालतं, त्यामुळे परतीचं विमान दुपारी एकच्या आत घेऊ नका. संध्याकाळचं असेल तर बॅगा ठेवण्याची सोय विचारून घ्या आणि मधला वेळ व्हिवोसिटीत किंवा लिटल इंडियात घालवा.